सूर्याच्या आधीचं कूळ

आमच्या मामांनी आयुष्यातलं शेवटचं ‘हो’ सुरतेच्या गोडादऱ्यातल्या एका जिन्यात म्हटलं. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले, चार माणसांचं बोलणं एकट्याने बोलले, पण ‘हो’ काही म्हणाले नाहीत. चहा ठेवू का, असं विचारलं की ‘ठेव’. मिलची बस गेली का, ‘गेली’. डॉक्टरांनी दम लागतो का विचारलं, तर ‘लागतो की’. मामी चिडायची. “सरळ हो म्हणायला जीभ झिजते का तुमची?” मामा गालात हसायचे आणि मान हलवायचे. नुसती मान.

ते शेवटचं ‘हो’ मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. माझे आई-वडील लवकर गेले, मामा-मामींना मूल नव्हतं, त्यामुळे मी त्यांच्याकडेच वाढले. आम्ही मूळचे जळगावकडचे, बौद्ध. मामा एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये बॉयलरवर होते. गोडादऱ्याला येण्याआधी सुरतेतल्या दोन खोल्या आम्हाला सोडाव्या लागल्या होत्या. पहिल्या घरमालकाने विचारलं आणि मामांनी खरं सांगितलं. दुसऱ्याने विचारलंच नाही. पण भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर दिसली आणि त्याच आठवड्यात त्याचा भाचा लग्न करून त्या खोलीत राहायला येणार असल्याचं आम्हाला कळलं. तो भाचा पुढे कधी कुणाला दिसला नाही.

तिसरी खोली माईंची. माई म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, धुळ्याकडच्या, विधवा, धिप्पाड, आवाजात जरब आणि पदराला कायम वेलचीचा वास. त्या वरच्या मजल्यावर राहायच्या, खालची खोली भाड्याने द्यायच्या. आम्ही सामान घेऊन जिन्यापाशी पोचलो. मामांच्या दोन्ही हातांत पिशव्या, मामीच्या छातीशी चादरीत गुंडाळलेली तसबीर, माझ्याकडे पोळपाट. माई वरून वाकून बघत होत्या.

“मोरे म्हंजे आपलाच ना, भाऊ?” त्यांनी विचारलं.

मोरे हे आडनाव असं आहे की ते कुणाचंही असू शकतं. मामांनी मागे वळून मामीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हातातल्या पिशव्यांकडे बघितलं आणि म्हणाले, “हो.”

“अन् ते काय शे?” माईंनी चादरीकडे बोट दाखवलं.

“आरसा,” मामी म्हणाली.

झालं. तो आरसा लोखंडी कपाटात साड्यांच्या मागे गेला आणि आम्ही त्या खोलीत अडकलो ते अडकलोच.

खोलीही अडकायला साजेशी होती. एकच खिडकी, तीही दोन घरांमधल्या बोळात उघडणारी. खिडकीतून हात बाहेर काढला की समोरच्या भिंतीला लागायचा. मागच्या भिंतीपलीकडे लूमचं खातं. दिवसभर यंत्रमाग खडखडत असत, भांडी मांडणीवर आपोआप सरकत असत. आभाळ बघायचं तर माईंच्या गच्चीवर जायला लागे, आणि गच्चीवर माई असत. वर गेलं की त्या जवळ बसवून घेत आणि मायेने चौकशा करत. तुमचं गाव कुठलं, तुमचे पाहुणे कुठे, तुमचं दैवत कोणतं. एकेका प्रश्नाला मामी घामाघूम व्हायची. पुढेपुढे आम्ही गच्चीवर जाणंच सोडलं.

माई वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. त्या चांगल्या होत्या, हेच आमचं दुखणं. मला गोवर निघाला तेव्हा त्यांनी माझ्या उशाशी बसून जागरणं केली. मामीला साडीवर खडे चिकटवायचं, घरबसल्या करायचं काम त्यांनीच मिळवून दिलं. भरीत केलं की पहिली वाटी आमच्याकडे यायची. आणि प्रत्येक वाटीबरोबर मामांचा चेहरा उतरायचा. “ही वाटी आपल्याला नाही आली,” ते म्हणायचे. “ती दुसऱ्याच कुठल्या तरी मोऱ्यांना आली आहे. आपण नुसते खातोय.”

मामांना भुवया नव्हत्या. बॉयलरचं दार रोज उघडून त्या झडल्या होत्या, त्यामुळे त्यांचा चेहरा कायम नुकतंच काहीतरी नवल ऐकल्यासारखा दिसायचा. भट्टीपाशी ओरडून बोलायची सवय. नाक्यावर उभे राहून ‘कसं काय’ म्हणाले तर पार पलीकडच्या पर्वत पाटिया भागात ऐकू जावं. हाच माणूस घराचा उंबरा ओलांडला की कुजबुजू लागे. निदान आमच्या सणांना तरी. त्या दिवशी दार-खिडकी लावून, मेणबत्ती विझू नये म्हणून पंखा बंद करून आम्ही तिघं तसबिरीपुढे बसायचो. वंदना म्हणायची असली की मामी मिक्सर चालू करायची. रिकामा नाही, उगाच संशय नको म्हणून त्यात शेंगदाणे टाकायची. वंदना लांबली की कूट फार बारीक होई, त्याला तेल सुटे. आमच्या घरी सणाच्या दुसऱ्या दिवशी हटकून दाण्याची आमटी असायची ती त्यामुळे.

खरी पंचाईत श्रावणात. खानदेशी माणूस सुरतेत कितीही वर्षं राहिला तरी कानबाई देवीला विसरत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते, आणि तिचे रोट होतात. रोट म्हणजे त्या सणाचा खास प्रसाद, पण तो ज्याच्या-त्याच्या भाऊबंदकीतच खायचा असतो. परक्याला द्यायचा नाही, परक्याचा घ्यायचा नाही. आमच्यात हे सगळं आजोबांच्या काळातच सुटलेलं. आता माईंच्या डोळ्यांदेखत त्या दिवशी चूल पेटवून आम्ही काय वरणभात खाणार होतो?

“तुमना रोट कोनाघर ऱ्हातस?” माईंनी पहिल्याच वर्षी विचारलं.

“बारडोलीला,” मामा बोलून गेले. “थोरल्या चुलत्यांकडे.”

बारडोलीला आमचं कुणीही नव्हतं. पण त्या दिवसापासून दर वर्षी कानबाईच्या रविवारी सकाळी आम्ही अंघोळी करून, नवे कपडे घालून, पिशव्या भरून, कुलूप लावून बारडोलीच्या नसलेल्या चुलत्यांकडे निघायचो. माई जिन्यातून ओरडायच्या, “कथा चालनात, रोटसले ना? सगळासले राम राम सांगजात!” मामा मान हलवायचे. मग आम्ही दिवसभर सुरतेत हिंडायचो. बाग, नदीचा काठ, स्टेशनचं बाकडं. पिशव्यांत वजन दिसावं म्हणून मामी जुन्या चादरी भरायची आणि मी त्या वाहायचे. सगळं शहर आपापल्या घरी जेवत असताना नव्या कपड्यांत बाकावर बसून राहणं फार लाजिरवाणं वाटे. संध्याकाळी परतताना मामा बजावत, “दमल्यासारखं दाखवा.” दाखवावं कशाला लागतंय!

अशाच एका रविवारी मामीचे पाय सुजले. बागेतली बाकं पावसाने ओली होती. समोर तारांगण होतं. आत खुर्च्या असतील आणि एसी असेल, एवढ्याच विचाराने मामा आम्हाला तिथे घेऊन गेले. खुर्च्या मागे कलंडणाऱ्या होत्या. अंधार झाला, घुमटावर आभाळ उगवलं, मामी दोन मिनिटांत झोपली. मी बाजूला बघितलं तर मामा खुर्चीच्या काठाशी ताठ बसलेले, तोंड उघडं.

बाहेर आल्यावर ते भराभर चालू लागले. मग रस्त्यातच थांबून म्हणाले, “अगं, तारा म्हणजे तर बॉयलर आहे!”

मामांच्या ताऱ्यांच्या नादाची सुरुवात इथून झाली. पुढचे सगळे कानबाईचे रविवार त्या घुमटाखाली गेले. एरवीच्या सुट्टीलाही ते एकटे जायला लागले. तिथली बाई हिंदीत सांगायची, मामा ते त्यांच्या भट्टीच्या भाषेत करून आम्हाला सांगायचे, आणि त्यात कुठे काय घुसडायचे ते त्यांचं त्यांनाच माहीत. पण मोठ्या ताऱ्याची गोष्ट मात्र त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की पुढे बी.एस्सी.ला ती पुस्तकात भेटली तेव्हा मला ती घरचीच वाटली.

“हे बघ,” ते मामीचा कुकर पुढ्यात ओढून सुरू करायचे. “ताऱ्याचं वजन त्याला आतल्या आत दाबतंय. आतली आग बाहेर ढकलतेय. दोघांचं जमलंय तोवर तारा उभा. आग कशाची? आधी हायड्रोजनची. तो जळून हेलियम होतो. हायड्रोजन सरला की आत दाब वाढतो, उष्णता वाढते, मग हेलियम जळतो. त्याचा कार्बन होतो, ऑक्सिजन होतो. तेही सरलं की आणखी दाब. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. सिलिकॉनसुद्धा सोडत नाही लेकाचा. लहान तारा एवढं करत नाही. आपला सूर्य गरीब, मंद आचेवर बसलाय, पुष्कळ दिवस जगेल. मोठ्याला मात्र दम निघत नाही. जेवढा मोठा तेवढा भराभरा जळतो.”

“आणि मग?” मला ठाऊक असायचं, तरी मी विचारायचे.

“मग लोखंड.” इथे मामांचा आवाज खाली यायचा. “आमच्या भट्टीत कोळशाचा क्लिंकर होतो बघ. राख वितळून दगड होतो, तो. तो जळत नाही. वेळेवर ओढून काढला नाही तर जाळीवर बसून आग कोंडतो. ताऱ्याच्या पोटात लोखंड म्हणजे तसंच. त्यातून पुढे आग निघत नाही, उलट ते असलेली उष्णता खाऊन बसतं. ताऱ्याला काही क्लिंकर ओढायचं दार नाही. सगळं पोटात. एवढा मोठा तारा, आणि तो त्या लोखंडापाशी अडकतो.”

ते कुकरचं झाकण हाताने दाबून धरायचे. मागच्या भिंतीपलीकडे माग चालूच असायचे.

“मग एकदम आत कोसळतो आणि फुटतो. जन्मभर पोटात जे जे शिजवलं, ते सगळं बाहेर. ऑक्सिजन, कॅल्शियम, लोखंड. फुटताना आणखी काही काही तयार होतं. ते सगळं लांब लांब पसरतं, तिथल्या धुळीत, वायूंत मिसळतं. त्याचे नवे तारे होतात, पृथ्वी होते. आपलं रक्त लाल आहे ना, ते त्यातलं. हाडं आहेत ना, ती त्यातली. कोण कुणाच्या तोंडातून निघालं आणि कोण पायातून, हे ज्याने लिहून ठेवलं त्याने एकदा येऊन हा खेळ बघायला पाहिजे होता. माझं तिकीट दिलं असतं मी त्याला.”

हे शेवटचं वाक्य ते कुजबुजत म्हणायचे, मिक्सर चालू नसताना. मामी लगेच छताकडे बघायची.

या ज्ञानाने मामा सुटले असते तर बरं झालं असतं. ते आणखीच अडकले, आणि तेही स्वतःच्या जिभेने. एकदा माई खाली येऊन बसल्या होत्या. कुणाचं कूळ किती जुनं, असा विषय निघाला. माईंनी स्वतःचं सांगितलं, शेजारच्यांचं सांगितलं, आणि मामांना विचारलं, “तुमनं कूळ कोनतं, भाऊ?”

मामी मोरीत भांडी घासत होती, ती थबकली. मामा मात्र शांतपणे म्हणाले, “फार जुनं आहे, माई. सूर्याच्या आधीचं.”

“सूर्यवंशी?”

“त्याच्याही आधीचं.”

माईंनी दोन्ही हात जोडले. मामांना वाटलं, कशी जिरवली. पण आठवड्याभरात गल्लीभर झालं की मोऱ्यांचं घराणं थोर आहे. सोसायटीच्या गणपतीची पहिली आरती त्या वर्षी मामांकडे आली. पुढच्या वर्षीही तीच. ताम्हन धरून, भुवया नसलेला तो चकित चेहरा घेऊन मामा उभे राहायचे आणि ओठ हलवायचे. घरी येऊन शर्ट काढताना म्हणायचे, “क्लिंकर वाढतोय पोटात.” आम्हाला हसू यायचं, त्यांना येत नसे.

आमच्याच गल्लीत टोकाला टेम्पोवाले पवार राहायचे. ते, त्यांची बायको, म्हातारी आई. माणसं सज्जन, पण आमच्याशी जेवढ्यास तेवढं. एका कानबाईच्या रविवारी तारांगणात खेळ संपून दिवे लागले, तर आमच्या पुढच्याच रांगेत पवार सहकुटुंब उभे. नवे कपडे, हातात भरलेल्या पिशव्या. आम्हीही तसेच. दोन्हीकडची तोंडं पांढरी पडली.

“आमची गाडी चुकली,” पवार घाईने म्हणाले. “नवापूरला निघालो होतो. रोटांना.”

“आमचीही,” मामा म्हणाले. “बारडोलीची.”

“चालायचंच.”

“चालायचंच.”

आणि दोन्ही कुटुंबं दोन वेगळ्या दारांनी बाहेर पडली. त्यानंतर कितीतरी दिवस मामांना नीट झोप नव्हती. “पवारांनी आपल्याला बघितलं. त्यांनी माईंना सांगितलं म्हणजे संपलं.” पवारांनी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून पवार आम्हाला टाळू लागले आणि आम्ही पवारांना. ताऱ्याच्या पोटातलं लोखंड दिसणाऱ्या माझ्या मामांना समोरच्या पिशव्यांतल्या चादरी दिसल्या नाहीत. मलाही नाही दिसल्या. भीतीने माणूस किती आंधळा होतो, याचा मला आजही राग येतो.

मी बी.एस्सी. झाले, एका मिलच्या लॅबमध्ये रंग जुळवायच्या कामाला लागले. आता मी मामांच्या चुका काढू लागले. सोनंही त्या एका स्फोटातच होतं, असं ते ठोकून द्यायचे. मी सांगितलं, मामा, बरंचसं सोनं दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळून झालं असणार असं म्हणतात. लोखंडही सगळं मोठ्या ताऱ्यांतलं नाही, दुसऱ्या तऱ्हेने फुटणारेही असतात. मामांनी ऐकून घेतलं. “मेल्यावरही एकमेकांना धडकले?” ते म्हणाले. “म्हणजे आपल्या भाऊबंदांपैकीच.” आणि पुढच्या वेळी पुन्हा सोनं त्याच स्फोटात घातलं.

मग त्यांची छाती बिघडली. भट्टीची धूळ आणि वाफ इतकी वर्षं आत गेलेली. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं. दिवसभर त्या खोलीत पडून राहायचं, समोर बोळाची भिंत, मागे मागांचा खडखडाट. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. लोहाच्या गोळ्या दिल्या. मामांना तेवढ्यातही आनंद झाला. “बघ, माझ्यात लोखंड कमी पडलंय. म्हणजे मी एवढ्यात फुटत नाही.”

पण एके दिवशी दुपारी त्यांनी मामीला जवळ बसवलं. मी घरीच होते.

“माझ्या वेळेला तोंडात तुळशीचं पान नको,” ते म्हणाले. “आरसा बाहेर काढ.”

मामी खडे चिकटवत होती. तिचा हात थांबला. “आणि मग आम्ही दोघी कुठे जायचं? माई एक दिवस ठेवायच्या नाहीत.”

“घर माईंचं आहे. मरण माझं आहे.”

“बोलायला सोपं आहे तुम्हाला. तुम्ही सुटाल. पिशव्या आम्ही उचलायच्या.”

 मामी बरोबर होती, मामांनाही ते कळत होतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला. तिच्या बोटांना डिंक होता, त्यामुळे तो लवकर सुटेना. मग ते हळूच म्हणाले, “जिवंतपणी माझ्याच्याने झालं नाही. तुला जमलं तर बघ. नाही जमलं तरी मी कुठे बघायला येणार आहे?” मामी रडली. मी कपाटाच्या दाराकडे बघत बसले.

मामा गेले ते सकाळी, चहा निवत असताना. ‘ठेव’ म्हणाले होते, आणि कप उचललाच नाही.

गल्ली जमायला वेळ लागला नाही. माई धावत खाली आल्या आणि त्यांनी असा हंबरडा फोडला की मीच त्यांना सावरायला गेले. त्यांचं रडणं खरं होतं. मग डोळे पुसून त्या कामाला लागल्या. बांबू कुणी आणायचे, मडकं कुणी आणायचं, सगळं भराभर सांगितलं. वरून गंगाजलाची लोटी आली, तुळशीचं पान आलं. खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. दारात, बोळात, जिन्यात माणसं.

“त्यान्हा तोंडमा पान ठेवा, वहिनी,” माई म्हणाल्या. “तुम्हीच ठेवा.”

मामीने पान हातात घेतलं. मी तिच्याकडे बघत होते. तिने मला खूण केली नाही, काही नाही. ती मामांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, त्या कायमच्या चकित चेहऱ्याकडे. मग तिने पान उशाशी खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि कपाटाचं दार उघडलं. साड्यांची चळत एका हाताने बाजूला केली. चादर सोडली. भिंतीवर खिळा होता, त्यावर कॅलेंडर होतं. तिने कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं आणि तिथे तसबीर लावली. निळा कोट, लाल टाय, चष्मा. इतकी वर्षं अंधारात राहून रंग ताजेच राहिले होते.

खोलीतलं रडणं थांबलं. पलीकडचे माग तेवढे ऐकू येत होते.

माई तसबिरीकडे बघत होत्या. मग मामीकडे बघून त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, “वहिनी, तुम्ही त्यासमधला?”

“हो,” मामी म्हणाली.

दोघी-तिघी बायका पदर सावरत बाहेर पडल्या. एकाने बांबू दाराबाहेर टेकवून ठेवला आणि तो दिसेनासा झाला. माई तिथेच उभ्या. मला वाटलं आता त्या काहीतरी बोलतील, पण त्यांनी लोटी उचलली आणि त्या जिना चढून वर गेल्या. दार लागल्याचा आवाज आला. मामांना खांदा द्यायला आता कोण उरतंय, या विचाराने मी दारातली माणसं मोजू लागले.

तेवढ्यात दारातल्या गर्दीतून टेम्पोवाले पवार पुढे आले. त्यांनी चपला काढल्या, तसबिरीपुढे गुडघे टेकले आणि हात जोडून आमचा नमस्कार घातला. आमचा. मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. मामी भिंतीला धरून खाली बसली.

पवारांची बायको तिच्याजवळ येऊन बसली.  “वहिनी,” ती म्हणाली, “आम्हाला वाटायचं तुम्ही माईंचे. एवढं मोठं कूळ तुमचं. इतकी वर्षं आम्ही तुम्हालाच भिऊन राहिलो.”

मी मामांकडे बघितलं. त्यांना हे ऐकायला मिळायला हवं होतं. अजूनही हेच वाटतं, आणि त्यावर काहीही उपाय नाही.

वंदना पवारांनी म्हटली. आम्हाला दोघींना सवय कुजबुजण्याची, आवाजच फुटत नव्हता. पवारांची म्हातारी आई मात्र खणखणीत म्हणत होती. टेम्पो पवारांचाच होता. खांदा द्यायला मिलमधले बॉयलरवाले आले, पवार आले, आणि गल्लीतले आम्हाला वाटले होते त्याहून जास्त लोक आले. सगळे नाही. पण मामा उचलले गेले ते उघड्या तोंडाने, पान न ठेवता.

तिसऱ्या दिवशी माई खाली आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. डोळे सुजलेले होते. “दुसरी खोली देखा, माय,” त्या मला म्हणाल्या. “मी काय करू? लोके बोलतस.” मग जरा थांबून म्हणाल्या, “भाऊसाठी मी कालदिन भरीत करेल व्हतं. हात थांबनाच नही.” आणि तोंडाला पदर लावून त्या वर गेल्या. मला त्यांचा संताप आला आणि वाईटही वाटलं. ही दोन्ही माझ्यात अजून शेजारी-शेजारी राहतात.

पर्वत पाटियाच्या बाजूला खोली मिळाली. मामीने प्रत्येक घरमालकाला तो विचारायच्या आधीच सांगून टाकलं. दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने किल्ली दिली. इथे खिडकीतून आभाळाचा एक तुकडा दिसतो. शहराच्या उजेडात तारे असे फारसे दिसत नाहीत, पण आहेत हे मला माहीत आहे. तसबीर समोरच्या भिंतीवर आहे आणि तिच्या खाली, जरा लहान, मामांचा फोटो. मिक्सर आता फक्त दाण्यांसाठीच लागतो. पवारांनीही यंदा कपाटातलं बाहेर काढलं आहे, असं त्यांची बायको सांगत होती.

परवा कानबाईचा रविवार झाला. पवार मंडळी सकाळीच आमच्याकडे आली, मोकळ्या हातांनी. मामीने वरणभात केला, वांग्याची भाजी केली. दार सताड उघडं होतं. आम्ही पानं घेतली तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातली बाई डोकावली. तिच्या घरून टाळ्यांचा, गाण्यांचा आवाज येत होता.

“आज जेवायला घरीच?” तिने विचारलं. “तुम्ही रोटांना गावी नाही गेलात?”

पवार माझ्याकडे बघू लागले, मी मामीकडे. मामी पवारांच्या आईला भात वाढत होती. तिने वर बघितलं आणि म्हणाली, “आमच्यात रोट नसतात. या, बसा, जेवा आमच्याबरोबर.”